जर्मनीच्या चौथ्या श्रेणीतील फुटबॉलपटूची कारकीर्द कशी वाचावी

नाशिकमध्ये मुलगा सोळा-सतरा वर्षांचा झाला, जिल्ह्याच्या संघात खेळला आणि त्याचे दोन-चार गोल कोणी मोबाइलवर टिपले, की घरापर्यंत एखादा प्रस्ताव येऊन पोहोचतो. त्यात जर्मनीतील ‘व्यावसायिक’ क्लबचे नाव असते, निवड चाचणीचे आश्वासन असते आणि काही लाखांचा खर्च असतो. सातपूरच्या बॉशमुळे जर्मनी नाशिककरांना परकी वाटत नाही, आणि कदाचित त्यामुळेच ‘जर्मन क्लब’ म्हटले की विश्वास पटकन बसतो. क्लब बहुतेक वेळा खराही असतो. तो चौथ्या श्रेणीच्या रेगिओनाललिगात किंवा तिच्याही खाली खेळत असतो. फसवे असते ते त्या श्रेणीचे रंगवलेले चित्र. हे चित्र तपासण्याचा एक फुकटचा आणि बऱ्यापैकी खात्रीचा मार्ग आहे. त्या क्लबमध्ये आज खेळणाऱ्या पाच-सहा खेळाडूंच्या कारकिर्दी हंगामागून हंगाम वाचाव्यात, कारण प्रस्ताव देणारा माणूस जे सांगत नाही ते त्या नोंदींत उघडपणे लिहिलेले असते. ट्रान्सफरमार्क्ट, किकर आणि जर्मन फुटबॉल महासंघाचे हौशी फुटबॉलसाठीचे संकेतस्थळ या तीन ठिकाणी बहुतेक नोंदी मिळतात. त्या वाचायच्या कशा, ते पुढे सांगितले आहे.

आधी श्रेणी आणि वर्ष यांची सांगड घाला

सर्वांत जास्त गल्लत श्रेणीच्या नावात होते. रेगिओनाललिगा हे नाव जुने आहे, पण ते तीन वेगवेगळ्या पायऱ्यांना मिळालेले आहे. १९६३ मध्ये बुंडेसलिगा सुरू झाली तेव्हा रेगिओनाललिगा तिच्या लगेच खालची, म्हणजे दुसरी श्रेणी होती. १९७४ मध्ये दुसरी बुंडेसलिगा आली आणि रेगिओनाललिगा बंद झाली. १९९४ मध्ये ती तिसरी श्रेणी म्हणून पुन्हा उभी राहिली, आणि २००८ मध्ये देशभरासाठी एकच ‘तिसरी लिगा’ स्थापन झाल्यावर चौथ्या पायरीवर गेली. त्या वेळी तिचे तीन गट होते. २०१२ पासून उत्तर, ईशान्य, पश्चिम, नैऋत्य आणि बवेरिया असे पाच गट आहेत. हे गट महासंघ नव्हे, तर प्रादेशिक संस्था चालवतात. एका गटात साधारण अठरा क्लब असतात. त्यांच्या खाली ओबरलिगा ही पाचवी श्रेणी असून तिचे चौदा गट आहेत, आणि उतरंड त्याखालीही जिल्हा पातळीपर्यंत जाते.

याचा व्यवहारातला अर्थ असा की ‘रेगिओनाललिगात खेळलेला’ एवढ्यावर काहीच कळत नाही. सोबत वर्ष लागते. फिलिप लाम आणि बास्टियन श्वाइनस्टायगर हे दोघेही बायर्न म्युनिकच्या दुसऱ्या संघातून रेगिओनाललिगात खेळले आणि पुढे विश्वविजेते झाले, ही गोष्ट खरी आहे आणि प्रस्ताव घेऊन येणाऱ्यांच्या तोंडी ती हमखास असते. मात्र ते खेळले तेव्हा रेगिओनाललिगा तिसऱ्या पायरीवर होती, तिचे देशभरात दोनच गट होते, आणि हे दोघे बायर्नच्या अकादमीत घडलेले होते. आज गटविजेतेपदासाठी झगडणाऱ्या एखाद्या शहरी क्लबशी त्यांचे नाव जोडणे म्हणजे ऐकणाऱ्याला अंधारात ठेवणे होय.

क्लबच्या नावापुढे रोमन दोनचा आकडा असेल तर तो त्या क्लबचा दुसरा संघ असतो. २००५ पूर्वीच्या नोंदींत याच संघांपुढे हौशी या अर्थाचा ‘अमाटोअरे’ हा शब्द दिसतो. तो वेगळा क्लब नव्हे. दुसऱ्या संघाला तिसऱ्या लिगाच्या वर चढता येत नाही. शिवाय त्याच्या अकरा जणांत तेवीस वर्षांवरील खेळाडू एका वेळी तीनच असू शकतात. हा नियम नीट लक्षात ठेवावा, कारण कित्येक कारकिर्दींचे वळण नेमके त्याच्यावर येते.

एक नोंद जवळून

आता एक नमुना घेऊ. खेळाडू कल्पित आहे, पण अशा नोंदी प्रत्येक गटात सापडतात. जन्म १९९६, मधल्या फळीतला. २०१४–१५ मध्ये बुंडेसलिगा क्लबचा एकोणीस वर्षांखालील संघ. २०१५ ते २०१८ त्याच क्लबचा दुसरा संघ, पश्चिम गटात, अनुक्रमे ९, २४ आणि २७ सामने. २०१८–१९ मध्ये त्याच गटातील एक जुना शहरी क्लब, ३१ सामने. २०१९–२० मध्ये २२. मग ईशान्य गटातील क्लब, २०२०–२१ मध्ये ११ सामने. २०२२ च्या जानेवारीत पुन्हा पश्चिमेकडे. २०२३ पासून ओबरलिगा, आणि आता सहाव्या श्रेणीत खेळाडू व सहायक प्रशिक्षक अशी दुहेरी भूमिका.

वरवर पाहता हा उतरता आलेख आहे. तो तसा आहेही, पण प्रत्येक उताराचे कारण वेगळे आहे आणि वाचणाऱ्याला ते वेगळे काढता आले पाहिजे.

पहिली ओळ सर्वांत वजनदार आहे. युरो २००० मधील नामुष्कीनंतर जर्मनीत पहिल्या दोन श्रेणींच्या क्लबांना युवा प्रशिक्षण केंद्र चालवणे सक्तीचे झाले. बुंडेसलिगा क्लबच्या एकोणीस वर्षांखालील संघात खेळलेला हा मुलगा अशाच केंद्रातून आला आहे, म्हणजे रेगिओनाललिगात पाऊल ठेवण्यापूर्वी त्याने पूर्णवेळ प्रशिक्षक, फिजिओ आणि जोडीला शाळा अशी कित्येक वर्षे काढली असणार. हव्या त्या रेगिओनाललिगा संघाची यादी उघडून पाहावी. अशा केंद्रांतून आलेले खेळाडू तिथे मोठ्या संख्येने दिसतील. नाशिकच्या मुलाची स्पर्धा यांच्याशी आहे. प्रस्तावातल्या चकचकीत छायाचित्रांपेक्षा ही एक ओळ अधिक बोलते.

दुसऱ्या संघातले पहिल्या हंगामाचे नऊ सामने पाहताना सामन्यांच्या आकड्यावर थांबू नये, मिनिटांचा रकाना उघडावा. नऊ सामन्यांत सातशे मिनिटे म्हणजे तो सुरुवातीपासून खेळला आणि बहुधा दुखापतीने बाहेर बसला. नऊ सामन्यांत नव्वद मिनिटे म्हणजे शेवटच्या दहा मिनिटांत मैदानात पाठवला जाणारा राखीव खेळाडू. दुसऱ्या संघात आणखी एक गोष्ट घडते: पहिल्या संघातला दुखापतीतून सावरणारा मोठा खेळाडू सरावासाठी एखाद्या शनिवारी खाली उतरतो आणि तरुणाची जागा जाते. त्याबद्दल त्या तरुणाला दोष देण्यात अर्थ नाही.

२०१८ मध्ये तो क्लब का सोडतो? बावीस पूर्ण झाले आहेत, तेवीस वर्षांचा नियम समोर दिसतो आहे आणि पहिल्या संघातून बोलावणे आलेले नाही. वरच्या श्रेणीतल्या क्लबने या वयात उचलले नाही, तर पुढची जागा बहुतेकदा चौथ्या श्रेणीतच मिळते. मी कोणतीही कारकीर्द वाचताना बावीस-तेवीस वर्षांची ओळ आधी शोधतो. खेळाडू कुठवर जाणार याचा अंदाज त्या एका बदलीवरून बराच बांधता येतो.

२०१९–२० चे २२ सामने पाहून दुखापतीचा निष्कर्ष काढू नये. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे सामने थांबले आणि तो हंगाम बहुतेक गटांत तिथेच संपवला गेला. २०२०–२१ मध्ये ईशान्य गटाचा हंगाम शरद ऋतूतच खंडित झाला, म्हणून ११ हा आकडा प्रत्यक्षात चांगला आहे. पश्चिम गटाने मात्र तोच हंगाम पूर्ण खेळला. बवेरियाने तर वेगळाच मार्ग काढला आणि २०१९ मध्ये सुरू झालेला हंगाम २०२१ पर्यंत ताणून एकच हंगाम धरला. त्यामुळे या दोन वर्षांतले आकडे गटांच्या पलीकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत.

खालच्या श्रेणीत जुलै ते ऑक्टोबर अशी मोकळी जागा दिसली तर तेही समजून घ्यावे. हौशी खेळाडूने ३० जूनपर्यंत नोंदणी काढून घेतली पण जुन्या क्लबने संमती दिली नाही आणि नव्या क्लबने ठरलेली भरपाई भरली नाही, तर त्याला १ नोव्हेंबरपर्यंत थांबावे लागते. राहिला बाजारमूल्याचा रकाना. ट्रान्सफरमार्क्टवर दिसणारा युरोतला आकडा हा तिथल्या सभासदांच्या चर्चेतून ठरवलेला अंदाज असतो. ती कोणी दिलेली किंमत नव्हे आणि खेळाडूचा पगार तर मुळीच नव्हे. प्रस्तावात हा आकडा पगारासारखा मांडला असेल तर पुढे वाचण्याची गरज नाही.

करार आणि दिवसभराचे काम

जर्मन महासंघाच्या नियमांत खेळाडू तीन प्रकारचे असतात: हौशी, करारबद्ध आणि परवानाधारक. परवानाधारक खेळाडू पहिल्या दोन बुंडेसलिगांत असतात. रेगिओनाललिगात भेटतो तो प्रामुख्याने करारबद्ध खेळाडू. त्याचा करार प्रादेशिक संघटनेकडे नोंदवावा लागतो, कर आणि सामाजिक विम्याचे पैसे भरावे लागतात, आणि कराराची मुदत हंगामाच्या अखेरीला, म्हणजे ३० जूनला संपते. अशा कराराची किमान रक्कम अनेक वर्षे महिना २५० युरो होती. म्हणजे ‘जर्मनीत करार झाला’ हे वाक्य २५० युरोंवरही खरे ठरत होते आणि त्याच्या वीसपट रकमेवरही. या श्रेणीत दोन्ही टोके सापडतात: एखादा क्लब पूर्णवेळ सराव करून वर चढण्यासाठी पैसा ओततो, तर त्याच गटातला दुसरा संध्याकाळी सहानंतर दिवे लावून सराव घेतो.

दुसऱ्या प्रकारच्या क्लबमधला खेळाडू सकाळी बँकेत, गोदामात किंवा शाळेत असतो, किंवा विद्यापीठात शिकत असतो. सातपूर-अंबडला पहिली पाळी करून संध्याकाळी कंपनीच्या संघाकडून मैदानात उतरणारी पिढी नाशिकने पाहिली आहे; त्या माणसाचे आयुष्य डोळ्यांसमोर आणले तर या खेळाडूचा आठवडा समजायला सोपा जातो. फरक इतकाच की तिथे आठवड्याला चार-पाच सराव असतात आणि परगावच्या सामन्यासाठी कित्येक तास बसमध्ये जातात. म्हणून क्लबच्या संकेतस्थळावर खेळाडूची ओळख वाचताना त्याचा व्यवसाय किंवा शिक्षण दिले आहे का ते पाहावे, आणि सरावाच्या वेळाही पाहाव्यात. सकाळी दहाचा सराव असेल तर क्लब पूर्णवेळ आहे. सायंकाळी साडेसहाचा असेल तर खेळाडू दिवसा कुठेतरी काम करत आहेत.

करार वाचायला मिळालाच तर एक कलम आधी शोधावे: संघ खालच्या श्रेणीत गेला तर करार टिकतो की संपतो. या श्रेणीतून किती संघ खाली जातील ते दर वर्षी बदलते, कारण वरून तिसऱ्या लिगातून कोणत्या प्रदेशाचे किती संघ खाली येतात यावर ते अवलंबून असते. एका वर्षी पंधरावे स्थान सुरक्षित असते, दुसऱ्या वर्षी त्याच स्थानावरचा संघ ओबरलिगात जातो. खेळाडूने काहीही वावगे केलेले नसताना त्याच्या नोंदीत श्रेणी घसरलेली दिसते, ती बहुधा यामुळे. क्लब दिवाळखोरीत गेला तरी तेच होते. किकर्स ऑफनबाख २०१३ मध्ये पैशांअभावी तिसऱ्या लिगातून थेट चौथ्या श्रेणीत ढकलला गेला. त्याच वर्षी अलेमानिया आखेनही खाली आला. २००६–०७ मध्ये बुंडेसलिगात खेळलेल्या या क्लबला तिसऱ्या लिगात परतायला २०२४ उजाडले. अशा क्लबमध्ये प्रेक्षक हजारोंनी येतात. मैदान आणि इतिहास मोठा असला म्हणून श्रेणी वर जात नाही, हे पालकांनी विशेष ध्यानात ठेवावे.

वरचा दरवाजा किती उघडा आहे

गटविजेता झालो की वर गेलो, असा हिशेब इथे चालत नाही. गट पाच आणि तिसऱ्या लिगात जागा चार. २०२०–२१ पासून पश्चिम आणि नैऋत्य गटांच्या विजेत्यांना थेट बढती आहे. उरलेल्या तीन गटांपैकी एकाला आळीपाळीने थेट जागा मिळते आणि राहिलेल्या दोघांना दोन लढतींत एकमेकांशी झुंजावे लागते. लोकोमोटिव्ह लाइपझिगच्या वाट्याला हे दोनदा आले. २०२० मध्ये ईशान्य गटाचे पहिले स्थान मिळवूनही तो क्लब फेर्लविरुद्ध २–२ आणि १–१ अशा बरोबरीनंतर परक्या मैदानावरील गोलांच्या नियमाने अडला. २०२५ मध्ये पुन्हा विजेता झाला आणि हाफेल्सेकडून हरला. विजेतेपद मिळूनही खेळाडूची पुढची ओळ त्याच श्रेणीतली कशी, या प्रश्नाचे उत्तर इथे असते.

संघाशिवाय एकट्याने वर जाण्याची वाट म्हणजे वरच्या क्लबने उचलणे. त्याचे आजचे ठळक उदाहरण डेनिझ उंडाव. वेर्डर ब्रेमेनच्या युवा विभागाने त्याला सोडले, मग तो उत्तर गटात हाफेल्सेकडून खेळला, ब्राउनश्वाइगच्या दुसऱ्या संघात गेला, तिसऱ्या लिगात मेप्पेनला पोहोचला, तिथून बेल्जियमच्या दुसऱ्या श्रेणीत, संघासह पहिल्या श्रेणीत, मग ब्रायटन, श्टुटगार्ट, आणि मार्च २०२४ मध्ये जर्मनीच्या राष्ट्रीय संघात. मिरोस्लाव्ह क्लोझेने सुतारकामाचे शिक्षण घेतले होते आणि होम्बुर्गमार्गे तो कायझर्सलाउटर्नच्या दुसऱ्या संघात पोहोचला. पुढे विश्वचषकात १६ गोल केले. ही नावे स्फूर्तीसाठी ठीक आहेत, अंदाजासाठी नाहीत. उंडावची कारकीर्द वाचताना पाहण्याजोगे हे की तो एकदम उडी मारून नव्हे, तर पायरीपायरीने वर गेला आहे. चौथ्या श्रेणीतून थेट मोठ्या क्लबची स्वप्ने दाखवणाऱ्याला अशी नोंद दाखवायला सांगावे.

चषकाची वाट मात्र निराळी आहे. प्रादेशिक संघटना एकवीस आहेत आणि त्या प्रत्येकीचा चषकविजेता जर्मन चषकाच्या पहिल्या फेरीत जातो, जिथे त्याची गाठ बुंडेसलिगा क्लबशी पडू शकते. २०१९–२० मध्ये नैऋत्य गटातला झारब्र्युकेन उपांत्य फेरीपर्यंत गेला; चौथ्या श्रेणीच्या कोणत्याही क्लबने त्याआधी तेवढी मजल मारली नव्हती. उपांत्यपूर्व फेरीत गोलरक्षक डॅनियल बाट्झने पेनल्टी शूटआउटमध्ये चार फटके अडवले. कारकिर्दीत चषकाचे सामने वेगळ्या रकान्यात असतात. तो रकाना जरूर उघडावा.

नाशिकहून जाणाऱ्याचा हिशेब

एवढे वाचून झाल्यावर घरचा प्रश्न. मुलगा अठराच्या आतला असेल तर उत्तर जवळपास ठरलेले आहे: फिफाच्या नियमांनुसार अल्पवयीन खेळाडूची दुसऱ्या देशात नोंदणी करता येत नाही. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणासाठी तिकडे राहायला गेले असतील तर ती सवलत मिळते. असे मोजके अपवाद आहेत, आणि सोळा वर्षांनंतरची सूट युरोपीय संघातल्या बदल्यांपुरती आहे. सतरा वर्षांच्या मुलासाठी ‘करार नक्की’ म्हणणाऱ्याशी बोलणे तिथेच थांबवावे.

अठरानंतर अडथळा व्हिसाचा. युरोपीय संघाबाहेरच्या व्यावसायिक खेळाडूला जर्मनीत निवास परवाना हवा असेल तर त्याची खेळातली पात्रता क्रीडा महासंघाने प्रमाणित करावी लागते, आणि त्याचा एकूण पगार निवृत्तिवेतन विम्याच्या अंशदान मर्यादेच्या निम्मा तरी असावा लागतो. २०२५ मध्ये ही मर्यादा महिना ८,०५० युरो होती, म्हणजे निम्मी रक्कम ४,०२५ युरो. संध्याकाळी साडेसहाला सराव घेणारा क्लब परदेशी नवख्याला एवढा पगार देईल का, याचा विचार वर वाचलेल्या नोंदी समोर ठेवून करावा. पर्यटक व्हिसावर जाऊन ‘चाचणी’ देता येते, पण त्या चाचणीच्या शेवटी हा आकडा उभाच असतो. मध्यस्थाकडे फिफाचा परवाना आहे का, हे फिफाच्या यादीत पाच मिनिटांत तपासता येते.

माझ्या मते नाशिकच्या मुलासाठी खरी वाट विद्यार्थ्याची आहे, आणि ती कमी झगमगीत असल्याने कोणी विकत नाही. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात मात्र परदेशी विद्यार्थ्याला प्रत्येक सत्रास १,५०० युरो पडतात. शैक्षणिक कागदपत्रे तपासणाऱ्या एपीएस या जर्मन संस्थेचे प्रमाणपत्र लागते, राहण्याच्या खर्चापोटी वर्षाचे ११,९०४ युरो गोठवलेल्या खात्यात दाखवावे लागतात, आणि वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येते. भाषेसाठी पुण्याचे मॅक्स म्युलर भवन जवळ आहे, व्हिसासाठी मुंबई. जर्मनीत पोहोचल्यावर विद्यार्थ्याला गावातल्या क्लबमध्ये हौशी खेळाडू म्हणून नोंदणी करता येते. तो सातव्या-आठव्या श्रेणीत सुरुवात करील, आणि खरोखर चांगला असेल तर दोन हंगामांत त्याच्या नोंदीतली श्रेणी वर सरकलेली दिसेल.

या सगळ्यासाठी आज, नाशिकमध्येच करून ठेवण्यासारखे एक काम आहे. मुलाची नोंदणी दर हंगामाला क्लबकडून, राज्य संघटना म्हणून विफाच्या आणि अखिल भारतीय महासंघाच्या प्रणालीत योग्य जन्मतारखेसह होते आहे ना, ते पाहावे आणि तिची छापील प्रत घरी ठेवावी. परदेशी क्लब आंतरराष्ट्रीय हस्तांतर प्रमाणपत्र मागतो तेव्हा हीच नोंद पाहिली जाते. पुढे त्याने तेवीस वर्षांच्या आत परदेशात पहिला व्यावसायिक करार केलाच, तर बारा ते एकवीस या वयात त्याला घडवणाऱ्या क्लबला फिफाच्या नियमांनुसार प्रशिक्षणाची भरपाई मागता येते. पंचवटीतल्या किंवा देवळालीतल्या छोट्या क्लबला ती मिळायची असेल तर त्या क्लबचे नाव खेळाडूच्या नोंदीत त्या त्या वर्षासमोर लिहिलेले असावे लागते.